प्रश्न क्रमांक ४८ आणि मिशिगनमधलं माझं पहिलं मत

गेल्या वर्षभरात ओळखीच्या सहा-सात जणांनी मला तोच प्रश्न विचारला, आणि प्रत्येक वेळी तो दोन भागांत आला. आधी चौकशी: अमेरिकन सिटिझनशिपचं कसं केलंस, किती महिने लागले, खर्च किती आला? मग जरा थांबून: एवढं सगळं करून मत दिलंस, पण त्याने इथे खरंच काही बदलतं का? पहिल्याचं उत्तर कागदपत्रांत आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर मला २०१० पासून सुरुवात करावी लागते. म्हणून घडलं त्या क्रमानेच लिहिते.

आम्ही २००५ मध्ये सांगलीहून मिशिगनला आलो. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाचं शहर आहे, तिथे नवऱ्याची नोकरी. दुसऱ्याच वर्षी मुलगी झाली. २००९ मध्ये आम्ही छोटं घर घेतलं आणि वर्षातून दोनदा घराच्या कराची बिलं यायला लागली. मुलीला घेऊन मी दर बुधवारी बिग बीव्हर रस्त्यावरच्या सार्वजनिक लायब्ररीत जायचे. नवीन देशात मला पहिल्या चार मैत्रिणी तिथल्या गोष्टींच्या तासाला मिळाल्या.

२००८ च्या मंदीनंतर घरांच्या किमती पडल्या, शहराचं करउत्पन्न आटलं आणि लायब्ररी बंद करायची वेळ आली. नोव्हेंबर २०१० मध्ये तिच्यासाठी जादा कर लावायचे प्रस्ताव मतदानाला आले, एक नाही तर चार, एकमेकांना छेद देणारे. चारही पडले. मग २ ऑगस्ट २०११ ला शेवटचा प्रयत्न ठरला: पाच वर्षांसाठी ०.७ मिल कर. ही 'मिल' भानगड समजायला मला वेळ लागला. घराच्या करपात्र किमतीवर हजार डॉलरला सत्तर सेंट, म्हणजे करपात्र किंमत एक लाख असेल तर वर्षाला सत्तर डॉलर. त्याच काळात गावात पाट्या उगवल्या: '२ ऑगस्टला लायब्ररी बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकं जाळायची पार्टी'. माझ्या पाच वर्षांच्या मुलीने गाडीतून ती पाटी अक्षरं लावत वाचली आणि विचारलं, "आई, माझी पुस्तकं पण?" लोक भयंकर चिडले. नंतर कळलं की पाट्या लायब्ररी वाचवू पाहणाऱ्यांनीच लावल्या होत्या. कराबद्दलच बोलणाऱ्या गावाने पुस्तकांबद्दल बोलावं, एवढाच त्यांचा हेतू होता. २ ऑगस्टला प्रस्ताव ५८ टक्के मतांनी मंजूर झाला. लायब्ररी राहिली.

त्या दिवशी मी घरात बसून होते. कर मी भरत होते, लायब्ररी माझ्या मुलीची होती, पण मत माझं नव्हतं. सांगलीत २००४ ला मी मशीनचं बटण दाबून मत दिलं होतं, बोटाची शाई दोन आठवडे टिकली होती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवडणुकीची ड्यूटी लागली की जत तालुक्यातल्या कुठल्या तरी वाडीवर एस.टी.ने मतपेट्या घेऊन जायचे आणि तिसऱ्या दिवशी परत यायचे. आल्यावर आंघोळीच्याही आधी सांगायचे की किती टक्के झालं. अशा घरातली मी, आणि माझ्याच गल्लीतला निकाल मला टी.व्ही.वर बघावा लागत होता.

भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब असते ते इथल्या मराठी घरांना सांगायला नको. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, मार्च २००९ ची, कार्ड हातात पडलं जानेवारी २०१९ मध्ये.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फेही नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मिशिगनच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की मला इथल्या मतदारसंघांच्या हद्दींचा प्रश्न हातात घ्यायचाय, कोणाला यायचंय? इथे सगळ्या देशाच्या निवडणुका घेणारा आयोग आणि मतदारसंघ आखणारा परिसीमन आयोग अशी आपल्यासारखी व्यवस्था नाही. बहुतेक राज्यांत दर दहा वर्षांनी विधिमंडळच रेषा आखतं, म्हणजे निवडून आलेलेच आपले मतदार निवडतात. याला जेरीमँडरिंग म्हणतात. मिशिगनमध्ये ते इतकं पक्कं बसलं होतं की २०१८ ला राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी डेमोक्रॅट उमेदवारांना एकूण निम्म्याहून जास्त मतं मिळाली, आणि तरी ११० पैकी ५८ जागा रिपब्लिकनांकडेच राहिल्या. मताने काही होत नाही असं जे म्हणतात त्यांचं म्हणणं मला इथे शंभर टक्के पटतं. रेषा अशा असतील तर खरंच होत नाही.

२०१७ च्या शरद ऋतूत शेतकरी बाजारात एक आजोबा पॅड घेऊन उभे होते. राज्यघटना बदलायचा प्रस्ताव मतदानाला आणण्यासाठी ३,१५,६५४ सह्या लागणार होत्या. "तुम्ही नोंदणीकृत मतदार आहात का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पॅड खाली घेतलं, पण मला जाऊ दिलं नाही. खिशातून घडी घातलेला नकाशा काढला आणि एका मतदारसंघाच्या वळणावरून बोट फिरवून दाखवलं, एखाद्या वाटेवरून चालावं तसं. त्यांचं बोट एका रस्त्याच्या अलीकडच्या घरांवरून गेलं आणि पलीकडच्या घरांना वगळून वर सरकलं. मी भाजीची पिशवी धरून दहा मिनिटं उभी होते.

पगारी माणसं न लावता त्यांनी सव्वाचार लाखांवर सह्या जमवल्या. विरोधक कोर्टात गेले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ असा निकाल देऊन प्रस्ताव मतपत्रिकेवर राहू दिला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तो ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. आता रेषा तेरा सामान्य नागरिकांचा आयोग आखतो: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. नऊ हजारांवर लोकांनी अर्ज केले, त्यातून चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवड झाली. ही बातमी वाचल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, ग्रीन कार्डाला पाच वर्षं पूर्ण झाली की पहिल्याच दिवशी मी सिटिझनशिपचा अर्ज करणार.

पहिल्याच दिवशी नाही, पण जवळपास. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या नव्वद दिवस आधी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. मी तो ११ ऑक्टोबर २०२३ ला ऑनलाइन भरला. तेव्हा फी बोटांच्या ठशांसकट ७२५ डॉलर होती. एप्रिल २०२४ पासून ती बदलली, ऑनलाइन ७१० आणि कागदावर ७६०, तेव्हा भरताना ताजा आकडा बघा. सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे पाच वर्षांतल्या परदेश प्रवासांची यादी. मी पासपोर्टवरचे शिक्के, विमानाच्या तिकिटांचे मेल आणि अण्णांच्या डायरीतल्या नोंदी जुळवत दोन रविवार घालवले. ज्यांचं ग्रीन कार्ड आत्ता आलंय त्यांनी आजपासून एका वहीत तारखा लिहाव्यात.

अर्जात एक प्रश्न आहे जो नीट वाचावा: अमेरिकेत कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय किंवा मत दिलंय का? मिशिगनमध्ये लायसन्सचं काम जिथे होतं त्याला सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस म्हणतात, आणि मतदार नोंदणीही तिथेच होते. एका ओळखीच्या गृहस्थांनी ग्रीन कार्डवर असताना घाईत त्या रकान्यात हो म्हणून सही केली होती. मत दिलं नव्हतं, तरी वकील, खुलासे आणि दीड वर्षाची झोप गेली. नागरिक नसाल तर त्या प्रश्नाला स्पष्ट नाही म्हणा आणि सही करण्याआधी कागद पुन्हा वाचा.

ठशांसाठी जावं लागलं नाही, जुनेच वापरू असं पत्र आलं. मग सहा महिने काहीच नाही. मुलाखत १८ एप्रिल २०२४ ला, डेट्रॉइटमध्ये. त्या सहा महिन्यांत मी नागरिकशास्त्राचे शंभर प्रश्न फ्रिजवर चिकटवले होते, आणि मुलगी जेवताना माझी परीक्षा घ्यायची. (तेव्हा शंभर प्रश्नांपैकी दहा विचारायचे, सहा बरोबर यावे लागायचे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी मात्र १२८ प्रश्न आहेत, वीस विचारतात आणि बारा बरोबर लागतात.)

त्या यादीतला ४८ वा प्रश्न असा: कोणाला मत देता येतं याबद्दल राज्यघटनेत चार दुरुस्त्या आहेत, त्यांतली एक सांगा. पाठ करायला एकच पुरते. मी चारही वाचल्या. १८७० ची, वंशावरून मताधिकार नाकारू नये म्हणणारी. १९२० ची, बायकांना मत देणारी. १९६४ ची, मत द्यायला कर लावू नये म्हणणारी. १९७१ ची, अठराव्या वर्षी मत देणारी. पहिली होऊनही दक्षिणेत काळ्या लोकांना मतपेटीपर्यंत पोचायला १९६५ चा मताधिकार कायदा लागला. आणि आपलं तर काय, १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की तुम्ही गोरे नाही, तुम्हाला नागरिक होता येणार नाही. ते दार उघडलं १९४६ च्या कायद्याने. त्यासाठी झटणाऱ्यांत दलीपसिंग सौंद होते. स्वतःला मत नसताना त्यांनी ही खटपट केली, आणि १९५६ मध्ये ते स्वतः काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले.

मुलगी हे सगळं ऐकून म्हणाली, "आई, ते तेव्हाचं. आता २०१६ ला हिलरी क्लिंटनना २८ लाख मतं जास्त पडली, तरी त्या हरल्या. मग मोजता कशाला?" तिचं चुकीचं नव्हतं. अध्यक्ष थेट मतांवर ठरत नाही, राज्याराज्यांच्या इलेक्टर्सवर, म्हणजे प्रत्येक राज्याने निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो. माझी नणंद कॅलिफोर्नियात असते, तिच्या राज्याचा निकाल मतदानाआधीच सगळ्यांना माहीत असतो. पण आम्ही मिशिगनमध्ये. २०१६ ला इथला फरक १०,७०४ मतांचा होता, म्हणजे दर मतदान केंद्रामागे दोन-तीन. मी तिला एवढंच म्हटलं की पद्धत वाईट आहे हे मान्य, पण ती दुरुस्त करायचं हत्यारही हेच आहे. तिने डोळे फिरवले आणि पुढचा प्रश्न विचारला.

मुलाखत वीस मिनिटांची झाली. अधिकारी बाई शांत होत्या. एक वाक्य वाचायला दिलं, एक लिहायला. सहा प्रश्न सलग बरोबर आले म्हणून सातवा विचारलाच नाही. ४८ वा आलाच नाही, याचं मला वाईट वाटलं.

शपथविधी १२ जूनला, डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टात. ग्रीन कार्ड दारातच काढून घेतात. इथे आल्यापासून चौदा वर्षं ज्याची वाट बघितली तेच कार्ड, पटकन ट्रेमध्ये गेलं. शपथेत इतर सर्व देशांची निष्ठा सोडल्याचं वाक्य येतं. ते म्हणताना माझा घसा दाटला आणि मी क्षणभर थांबले. बाजूच्या येमेनी बाई बघून न बघितल्यासारखं करत हळू बोलल्या, म्हणजे मला त्यांना गाठता यावं. सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच नावाचं स्पेलिंग तपासा. माझ्यामागच्या माणसाच्या नावात एक अक्षर चुकलं होतं आणि तिथे लगेच सांगितल्यामुळे त्याचं काम सोपं झालं.

बाहेर पडताना मतदार नोंदणीचं टेबल होतं, मागे दोन वयस्क स्वयंसेविका. फॉर्म भरायला चार मिनिटं लागली. पोस्टाने मतदार कार्ड तीन आठवड्यांत घरी आलं. पुढची कामं पटापट सांगते. अमेरिकन पासपोर्टला तेव्हा १६५ डॉलर, आणि त्यासोबत मूळ सर्टिफिकेट पाठवावं लागतं, ते वेगळ्या पाकिटाने परत येतं, घाबरू नका. मिशिगनवाल्यांचं भारतीय काम शिकागोच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं. आधी भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओ.सी.आय., म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, त्याची फी तेव्हा २७५ डॉलर होती. सरेंडर केलेला पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला तो मी अण्णांच्या पत्रांच्या डब्यात ठेवलाय.

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. इथे मतदानाची सरसकट सुट्टी नसते. मोटार कंपन्यांतल्या युनियनच्या कामगारांना करारातून मिळते, माझ्यासारख्यांना नाही. आधी नऊ दिवस अर्ली व्होटिंग होतं (तेही मिशिगनच्या लोकांनी २०२२ ला मत देऊनच घटनेत आणलं), पोस्टानेही देता आलं असतं. पण मला त्याच दिवशी रांगेत उभं राहायचं होतं. आमचं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये. सकाळी सातला उघडतं, मी पावणेसातला पोचले. पुढे एकोणीस जण.

एक अर्ज भरायचा, लायसन्स दाखवायचं, टॅबलेटवर नाव शोधतात. मग एका जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात मतपत्रिका मिळते. ती केवढी लांब असते ते कोणी मला सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी छापलेली. अध्यक्ष, सिनेटर, काँग्रेस, राज्याचं सभागृह इथपर्यंत मला माहीत होतं. त्याखाली राज्याचं शिक्षण मंडळ, तीन विद्यापीठांच्या नियामक मंडळांचे सदस्य, काउंटीचा सरकारी वकील, शेरीफ, खजिनदार, पाणी आणि गटारांचं काम बघणारा कमिशनर, मग पक्षाचं नाव नसलेला न्यायाधीशांचा भाग. मी आठवडाभर आधी राज्याच्या संकेतस्थळावरून माझ्या पत्त्याची नमुना मतपत्रिका छापून घेतली होती आणि जेवणाच्या टेबलावर अभ्यास केला होता. हे नक्की करा, टिपणाचा कागद आत नेता येतो. वरती एकच गोल काळा केला की पक्षांच्या भागातली सगळी मतं एका पक्षाला जातात. मी तो सोडला आणि एकेक गोल भरत गेले. काळ्या पेनने, शाळेत परीक्षेला भरायचो तसे. शेवटच्या न्यायाधीशापर्यंत अठरा मिनिटं लागली.

मशीनपाशी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मतपत्रिकेच्या टोकाचा नंबर फाडून घेतला, मी कागद सरकवला, तो आत गेला आणि पडद्यावरचा आकडा २३ झाला. तो आकडा बदललेला मी डोळ्यांनी बघितला. शाई नाही, स्टिकर. त्या वर्षीच्या स्टिकरांत एक बारा वर्षांच्या मुलीने काढलेला होता, शर्ट फाडून ओरडणारा लांडगा-माणूस. मी तोच मागितला. सांगलीत तेव्हा संध्याकाळ झाली होती. फोन लावला तर अण्णांनी हॅलोही न म्हणता विचारलं, "किती टक्के झालं?"

मुलगी जुलैत अठरा वर्षांची झाली होती आणि अ‍ॅन आर्बरला कॉलेजला गेली होती. तिचं नाव ट्रॉयच्याच यादीत होतं. मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवशीही रात्री आठपर्यंत शहराच्या क्लर्ककडे प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करता येते, पत्त्याचा पुरावा लागतो. ही सोयही २०१८ च्याच मतदानाने आली. तिच्या विद्यापीठातल्या कला संग्रहालयात क्लर्कची शाखा उघडली होती. साडेचारला तिचा मेसेज आला: "रांगेत आहे. दीड तास झाला. कोणीतरी पिझ्झा वाटतंय." नंतर अर्ध्या तासाने: "आई, शिक्षण मंडळाला कोणाकोणाबद्दल वाचलं होतंस?" मी तिला माझं मत सांगितलं नाही, कुठे वाचायचं ते सांगितलं.

मी कोणाला मत दिलं ते इथे लिहिणार नाही. काही जागी माझे उमेदवार जिंकले, काही जागी हरले. पण बदलतं का, याबद्दल माझ्यासमोर घडलेलं सांगते. नव्या रेषांवर पहिली निवडणूक २०२२ ला झाली. जवळपास चाळीस वर्षांनी राज्याची दोन्ही सभागृहं एकाच वेळी डेमोक्रॅटांकडे आली, तीही ५६-५४ आणि २०-१८ अशी काठावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, आणि त्याच वर्षी बंदुकांचे कायदे बदलले: घरात मुलं असतील तर बंदूक कुलपात, धोकादायक माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने काढून घेता येणार. सरकारी शाळांत सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत झालं. २०२४ ला कनिष्ठ सभागृह पुन्हा रिपब्लिकनांकडे गेलं, ५८-५२. मला त्यातही बरं वाटलं. आता ते सभागृह लोक जिकडे वळतील तिकडे वळतं.

पण गोड गोडच सांगितलं तर ते खोटं होईल. २०२२ च्याच निवडणुकीत बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले. आमच्याकडे पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. नंतर ऑफिसमधल्या माझ्या डेट्रॉइटच्या मैत्रिणीने शांतपणे सांगितलं की १९५५ पासून पहिल्यांदाच आमच्या शहराचा एकही काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये नाही. नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, २८ टक्क्यांच्या आसपास मतं जिंकायला पुरली होती, आणि ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले होते. त्या नव्या आयोगाने आखलेले डेट्रॉइट भागातले तेरा मतदारसंघही डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने रद्द केले, रेषा वंश बघून ओढल्या म्हणून. ते पुन्हा आखावे लागले. मैत्रीण त्या सुनावण्यांना जात होती. ती मतदान सोडून बसली नाही, आणि मला तिच्यासमोर पेढ्यांबद्दल बोलवलं नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात शहराच्या कौन्सिलची निवडणूक होती. अध्यक्ष नाही, टी.व्ही.वर चर्चा नाही. मी दर वेळी पोस्टाने मतपत्रिका यावी म्हणून कायमच्या यादीत नाव घातलंय, त्याचा फॉर्म एक पानाचा आहे. पाकिटाच्या बाहेर सही करायला विसरू नका, ती त्यांच्याकडच्या नोंदीतल्या सहीशी जुळवतात. सिटी हॉलपाशी पेटी आहे, तिथे पाकीट टाकलं आणि गाडी तिथेच ठेवून शेजारच्या लायब्ररीत गेले. दोन पुस्तकं परत करायची होती.